मॅक्स होल्ड

वेळ्ळीच्या फुटबॉल मैदानामागे टॉवर उभा आहे,
तीन आठवडे बंद.
आज माझ्यासाठी तासभर चालू केला,
पाहुणीसाठी कुलपातली खोली उघडावी तसा.

मी हात लांब करून मीटर धरते,
अंगापासून दूर, कारण अंगही लहर अडवतं.
गोलपोस्टपाशी, बालवाडीच्या खिडकीपाशी,
मारियानाच्या त्या माडाखाली
ज्याचे कोवळे नारळ गळतात असं अर्जात लिहिलंय.
प्रत्येक जागी सहा मिनिटं. नियम तसा आहे.
सहा मिनिटं फार लांबतात
तीस माणसं तुमच्या मनगटाकडे बघत असली
आणि आकडा हलत नसला की.

"किती?"
मर्यादेचा हजारावा भाग, मी सांगते.
"आणि मर्यादा कुणी ठरवली?"
हे मला डिचोलीतही विचारलं होतं, केपेतही.
उत्तर पाठ आहे. पण समोर बांध दिसत होता,
खाजनाच्या कडेनं वळत गेलेला,
म्हणून मीच विचारलं, हा किती उंच घालता?
"अवसे-पुनवेच्या भरतीवर हातभर."
तसंच. जिथे मांस तापू लागतं
त्याच्या पन्नासाव्या हिश्शावर रेघ ओढलीय.
तुमच्या हिशेबानं पन्नास भरत्यांएवढा बांध.

माणसं गप्प झाली. वाटलं, पटलं.
मग रुझार, ज्याच्या बापानं जन्मभर मानस राखली,
विडी विझवून म्हणाला,
"बाये, बांध पाण्यानं फुटत नाही.
कुर्ल्यांनी फुटतो.
आतून बिळं करतात, दोन बोटांएवढी.
उंची मोजणाऱ्याला ती दिसत नाहीत."

माझ्याकडे कुर्ल्यांचं यंत्र नाही.
शोधतायत लोक, मी म्हटलं,
कित्येक वर्षं. खात्रीचं बीळ अजून सापडलं नाही.
"शोधतायत ना? मग बरं."
ते बरं कसलं होतं
मला अजून कळलेलं नाही.

तास संपला. टॉवर परत मुका.

बस साडेसातला.
मानशीच्या फळ्यांवर पियेदाद बार्रेटो बसली होती,
ठरावाला सगळ्यांच्या आधी हात वर करणारी.
फोन गालात रुतवलेला.
मिंगेल तारवावर, कुठल्याशा बंदरात,
तिथे आत्ता दुपार.
पडद्यावर एकच दांडी, नदीपलीकडच्या टॉवरची,
तीही येऊन-जाऊन.

मीटर बंद करायचा राहिला होता.
तिच्याजवळून जाताना आकड्यानं उडी घेतली,
दिवसभरात पहिल्यांदा.
लांबच्या टॉवरला ऐकू जात नव्हतं
म्हणून तिचा फोन ओरडत होता,
असेल नसेल ती ताकद लावून, कानाशी.
(डब्यावर छापलेल्या मर्यादेच्या आतच. हेही सांगायला हवं.)
आणि ती मात्र अगदी हळू बोलत होती:
छातीला बाम चोळतोस ना.
करार कधी संपतो.
नाही रे, पाऊस नाही, मानशीचं पाणी वाजतंय.

स्पीकरवर ठेवत जा, मी नंतर म्हटलं,
नाहीतर वायर लावा, कानापासून लांब.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मीटरकडे नाही.
"स्पीकरवर ठेवला की वारा मधे बोलतो."
तिचा कान लाल झाला होता.
तो बॅटरीनं, आणि दाबून धरल्यानं. लहरींनी नव्हे.
हे मला पक्कं माहीत आहे.
तिनं त्यावर तळवा ठेवला,
काजव्यावर ठेवतात तसा, आणि उठली नाही.

अहवालात रकाना असतो: सर्वाधिक नोंद, ठिकाण.
मी लिहिलं, बालवाडीची खिडकी, उत्तर बाजू.
मानशीवरचा आकडा मीटरच्या काचेत तसाच थांबलेला,
पुसायचं बटण अंगठ्याखाली.
कुंकळ्ळीला बस पोचली
तोवर तरी मी ते दाबलं नव्हतं.